सख्या हरी आणि ‘संदर्भ हवा’

गेल्या मंगळवारी आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयात, भर दुपारी आणि चारचौघांसमक्ष, मी ग्रंथपाल बाईंना “तुमच्याकडे सख्या हरी आहे का?” असे विचारले. मराठीत या शब्दाला कोणता वास चिकटलेला आहे, हे वाक्य तोंडातून निसटल्यावरच माझ्या ध्यानात आले. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, मला आपादमस्तक न्याहाळले आणि “काय हवंय आपल्याला?” हा प्रश्न अशा आवाजात विचारला की शेजारच्या टेबलावरील शब्दकोडेवाल्यांची पेन्सिल थांबली.

मला दत्तू बांदेकर (1909–1959) हवे होते. ‘सख्या हरी’ या टोपणनावाने त्यांनी अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकामधून वाचकांना हसवले. त्यांच्यावरील नोंद एका ऑनलाइन ज्ञानकोशात नीट लिहावी, अशी दुर्बुद्धी मला झाली होती. विनोदी लेखकांनी टोपणनावे घेऊ नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ घेतले आणि दळवींनी ‘ठणठणपाळ’ घेतले, ते एक वेळ चालले. त्या नावांनी चौकशी करणाऱ्याच्या चारित्र्यावर निदान शिंतोडे तरी उडत नाहीत. बाईंनी संगणकात ‘हरी’ एवढेच टाकले आणि मला अभंग-भजनांच्या कपाटाकडे पिटाळले.

“कोण, बांदेकर का?” कपाटाजवळच्या खुर्चीतून, लाकडी दांडीला अडकवलेल्या वर्तमानपत्राआडून आवाज आला. “मग तिकडे काय शोधताय? इकडे या.”

ऐन मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळलेले, पायाशी भाजीची पिशवी ठेवलेले ते आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. “आमचे वडील ‘नवयुग’ आणायचे. त्यांचं वाचून व्हायच्या आत आम्ही पोरं तो माळ्यावर नेऊन वाचायचो. हसून हसून मुरकुंडी वळायची हो!” मी घाईघाईने वही उघडली आणि एखादा विनोद आठवतो का, असे विचारले.

“एखादा? शेकडो! एकदा काय झालं, तो जो होता ना...” एवढे बोलून आजोबा हसू लागले. प्रथम खांदे हलले, मग मफलर हलला, मग कवळी जागची हलली. ती अंगठ्याने बसवून, माझ्या गुडघ्यावर थाप मारून त्यांनी पुन्हा आरंभ केला. “तो जो होता, आणि ती बाई त्याला म्हणते...” पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी मफलरने टिपले आणि समाधानाने म्हणाले, “घ्या लिहून.”

“काय लिहू?”

“हसलो ते. आणि खाली संदर्भ म्हणून माझं नाव टाका. निवृत्त, तार खातं.”

ज्ञानकोशात तोंडी आठवण चालत नाही, छापील आणि विश्वासार्ह साधन लागते, हे मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे समजावले. “म्हणजे मी विश्वासार्ह नाही?” आजोबांचा आवाज चढला आणि वाचनालय दुसऱ्यांदा माझ्याकडे वळले. “छापलेलं खरं आणि हसलेला माणूस खोटा? आणि त्या छापणाऱ्याला तरी कोणी सांगितलं? माझ्यासारख्याच कोणीतरी ना?” यावर मला उत्तर सुचले नाही, खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

‘नवयुग’चे जुने बांधीव अंक मात्र त्या वाचनालयात नव्हते. माळ्यावर गळती लागली तेव्हा ते रद्दीत घातले, असे बाईंनी रद्दीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगितले. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला निदान दूरदर्शनने घरोघर पोहोचवले; दर आठवड्याला ताजे हसू पुरवणाऱ्या माणसाचे लेखन मात्र भज्यांच्या पुडीबरोबर संपले. ज्यांनी पुरावा रद्दीत घातला, त्यांच्याच समाजाने मग पुरावा मागावा, याचा मला खरोखर संताप येतो. आमच्या नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बातम्याच इतक्या छापून आल्या आहेत की त्याच्यावर नोंद लिहायची म्हटली, तर संदर्भांची ददात पडणार नाही. त्याला पाहून कोणी हसले तर ते विनोदामुळे नव्हे, एवढाच काय तो फरक.

त्या रात्री मी हाताशी असलेल्या एकदोन पुस्तकांच्या आधारे नोंद लिहिली आणि आजोबांना स्मरून “त्यांचे लेखन वाचून वाचक खदखदून हसत” हे एक वाक्य भीत भीत घातले. सकाळी पाहतो तो नेमक्या त्याच वाक्यापुढे कोणा दक्ष संपादकाने ‘संदर्भ हवा’ असा शिक्का मारून ठेवला होता.

शुक्रवारी पुन्हा वाचनालयात गेलो. आजोबांची खुर्ची रिकामी होती. बाईंनी मला दारातच ओळखले आणि आतल्या शिपायाला हाक मारून सांगितले, “अहो, ते सख्याहरीवाले आलेत, त्यांना भजनांचं कपाट उघडून द्या.”