हेकाटियसचे ग्रंथ हिरोडोटसने जाळले नाहीत

‘इतिहासाचा खरा जनक हेकाटियस. हिरोडोटसने त्याचे ग्रंथ चोरले आणि पुरावा उरू नये म्हणून जाळून टाकले. हेकाटियस भारतात राहून गेला होता. पुढे तो इराणला फितूर झाला.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. हेकाटियस म्हणजे मिलेटस या ग्रीक शहरातला प्राचीन लेखक; हिरोडोटस त्याच्यानंतरचा ग्रीक इतिहासकार, ज्याला एरवी इतिहासाचा जनक म्हणतात. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या माझ्या भाचीने तो वहीत उतरवून घेतला, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी ती जाळपोळ. हिरोडोटस इ.स.पू. पाचव्या शतकातला. त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी अलेक्झांड्रियातला कवी आणि पंडित कॅलिमाकस हेकाटियसच्या ‘पृथ्वीप्रदक्षिणा’ या भूगोलग्रंथातला आशियाचा भाग खरंच त्याचा का, अशी शंका घेत होता. राख झालेल्या ग्रंथावर असा वाद कोण घालतं? इ.स. सहाव्या शतकातल्या स्टेफानसच्या स्थलनामकोशातही हेकाटियसच्या नावावर शेकडो नोंदी आहेत. पपायरसच्या गुंडाळ्या पुन्हा पुन्हा उतरवल्या तरच टिकायच्या. ते थांबलं आणि ग्रंथ गेले.

आणि पुरावा पुसायला निघालेला माणूस त्याचं नाव स्वतःच्या ग्रंथात लिहील? हिरोडोटसचं दुसरं पुस्तक, प्रकरण १४३ उघडा. हेकाटियसने इजिप्तमधल्या थीब्झच्या पुजाऱ्यांना सांगितलं, माझा सोळावा पूर्वज देव होता. पुजाऱ्यांनी त्याला ओळीने ३४५ लाकडी पुतळे दाखवले: बापामागून मुलगा, सगळी माणसंच, देव एकही नाही. हिरोडोटसने हे नाव घेऊन लिहिलंय, आणि तेही एकदाच नव्हे.

उचलेगिरीचा आरोप मात्र जुना आहे, हे मान्य करावं लागतं. फिनिक्स पक्षी, पाणघोडा आणि मगरीची शिकार ही वर्णनं हिरोडोटसने हेकाटियसकडून घेतली, असं इ.स. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी म्हणतो. घेतली असतील. पण त्यातून जाळपोळ कुठून निघाली?

भारताचं म्हणाल तर उरलेल्या तुकड्यांत सिंधू आणि गांधार येतात. ‘मी तिथे गेलो’ असं त्यांत कुठेही नाही.

फितुरीचा आरोप सगळ्यात संतापजनक. आयोनियाने, म्हणजे मिलेटस ज्यात येतं त्या ग्रीक प्रदेशाने, इराणविरुद्ध बंड करायचं ठरवलं, तेव्हा इराणचा सम्राट दारियस याच्या ताब्यातल्या लोकांची यादी वाचून हेकाटियसने विरोध केला, हे खरं. पण हिरोडोटसच पुढे सांगतो (५.३६): कुणी ऐकेना, तेव्हा त्याने सुचवलं की मिलेटसजवळच्या ब्रांखिडीच्या देवळातलं, लिडियाचा राजा क्रीसस याने वाहिलेलं धन घ्या आणि आरमार उभारा. फितूर माणूस असा सल्ला देतो? तोही कुणी मानला नाही. इ.स.पू. ४९४ मध्ये मिलेटस इराण्यांच्या हाती पडलं.