लंबवर्तुळाकार दीर्घिकांचं गणित वेगळं आहे

कृष्णद्रव्यावरचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्यावरचा तुमचा लेख वाचला. ‘दीर्घिका किती वेगाने फिरते त्यावरून कृष्णद्रव्य मोजतात’ हे त्यातलं वाक्य सर्पिल दीर्घिकांपुरतं ठीक. पण शेजारी फोटो एम८७ या दीर्घिकेचा, आणि ती लंबवर्तुळाकार! तिथले तारे चकतीत शिस्तीने फिरत नाहीत, वाटेल त्या दिशेने जातात. आणि वर्णपटातून कळतो तो फक्त आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत समोरून अंगावर येणारेच मोजावेत आणि आडवे जाणारे दिसूच नयेत, तसं. सोलापुरात बीएस्सीला शिकवतो, तिथेही मुलं फिरण्याच्या वेगाचा आलेख सरसकट सगळ्या दीर्घिकांना चिकटवतात.

यातली खरी गंमत लेखात सुटलीच. २००३ मध्ये एनजीसी ३३७९ सारख्या काही लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या बाहेरच्या भागातल्या ग्रहीय तेजोमेघांचे (मरणाऱ्या ताऱ्यांनी फेकलेल्या, चमकणाऱ्या वायूच्या कवचांचे) वेग मोजले, तर ते बाहेर जावं तसे घसरलेले निघाले. कृष्णद्रव्य फारच कमी, असा निष्कर्ष निघाला. २००५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डेकेल आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या विलीनीकरणाची संगणकीय प्रारूपं दाखवली: तारे लांबट, केंद्राकडे झेपावणाऱ्या कक्षांत असतील तर बाहेरच्या भागात त्यांचा वेग आपल्याला बराचसा आडवा पडतो, म्हणून कृष्णद्रव्य असूनही मोजलेला वेग कमीच दिसतो. एम८७ मध्ये तापलेल्या वायूच्या क्ष-किरणांवरूनही वस्तुमान काढता येतं, ताऱ्यांच्या कक्षा न धरता. फोटो तिचाच होता, तर निदान एवढं तरी यायला हवं होतं.