‘चांगल्या डिझाइनला सूचना लागत नाहीत’ या विधानाचा प्रतिवाद

‘रचना चांगली असेल तर सूचना लागत नाही, सूचना लिहावी लागली, की रचना फसली असे समजावे,’ हे विधान डिझाइनच्या विद्यार्थ्यांमध्ये आणि व्यावसायिकांमध्ये सर्रास फिरते. त्याच्या पुष्ट्यर्थ तीन गोष्टी सांगितल्या जातात: दार कसे उघडायचे हे दारानेच सांगावे, लहान मूलही न शिकवता मोबाइल चालवते, आणि सूचना तशाही कोणी वाचत नाही. तिन्हींत तथ्यांश आहे. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

दाराचा मुद्दा डिझाइनचे अभ्यासक डोनाल्ड नॉर्मन यांच्या लेखनामुळे प्रसिद्ध झाला आणि तो मान्यच आहे. ओढण्याची मूठ बसवून वर ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागत असेल, तर दोष मुठीचाच. पण दाराशी चुकले तर ते लगेच कळते आणि नुकसान काहीच होत नाही. जुलाब झाल्यावर पाण्यात कालवून पाजायच्या ओआरएसच्या पुडीचे तसे नाही. 1 लिटरची पुडी अर्ध्या लिटरात कालवली तरी पाणी दिसायला सारखेच दिसते, मात्र क्षारांचे प्रमाण दुप्पट होऊन बाळाला अपाय होऊ शकतो. हे प्रमाण पुडीच्या आकारातून उमगणे शक्य नाही, ते छापावेच लागते. मतदान यंत्राचेही पाहा. नाव, चिन्ह आणि समोर निळे बटण, इतकी त्याची मांडणी सरळ आहे. तरीही मत कोणाला गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेमागे 7 सेकंदच दिसते, आणि तिकडे पाहायचे असते हे आधी न सांगितलेला मतदार बटणाकडेच पाहत राहू शकतो.

मोबाइलवाल्या मुलाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ते घरातल्यांचे पाहून शिकलेले असते आणि चुकले तर मागे येते. यूपीआयवर गेलेला पैसा असा मागे येत नाही, म्हणून ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही’ हे वाक्य सांगत राहावे लागते.

उरला ‘कोणी वाचत नाही’ हा आक्षेप. आयबीएम या संगणक कंपनीत काम करताना संशोधक जॉन कॅरल यांनी 1980 च्या दशकात हेच पाहिले: संगणक शिकणारे जाडजूड पुस्तिका बाजूला सारून थेट कामाला लागत. त्यांनी मात्र पुस्तिका रद्द केली नाही. ती छोटी केली, प्रत्यक्ष कामांभोवती बांधली आणि चूक कशी ओळखावी, कशी सुधारावी, हे तिच्यात घातले. शिकणाऱ्यांचा वेळ त्यामुळे वाचला. म्हणजे लोक टाळतात ती वाईट रचलेली सूचना.

नीट सूचनेवाचून नुसता आकडा पुरत नाही, याचा दाखला कोल्हापूरकरांना दर पावसाळ्यात मिळतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. जुलै-ऑगस्टमध्ये हे आकडे आणि राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले याची बातमी फोनाफोनी फिरत असते. जुना रहिवासी त्यावरून नदीलगतच्या सुतारवाड्यात पाणी कधी शिरेल, जामदार क्लबपर्यंत कधी येईल, याचा अदमास बांधतो, कारण अर्थ लावण्याची किल्ली त्याच्याजवळ आधीपासून आहे. नदीकाठच्या गल्लीत नुकत्याच राहायला आलेल्या भाडेकरूला तो आकडा काहीच सांगत नाही. राजारामपुरीच्या चढावरच्या घराला जो आकडा निव्वळ बातमी असतो, तोच त्याच्यासाठी सामान आवरण्याची वेळ असू शकतो. बोटाने मोठा-लहान करता येणारा रंगीत नकाशा दिला म्हणून ही उणीव भरून निघत नाही, कारण मोबाइलचे बटण दाबून पाहता येते, तसा पूर अनुभवून शिकण्याची मुभा कोणालाच नसते.

म्हणून पातळीच्या आकड्याखाली कोणत्या गल्लीतल्यांनी कधी निघायचे, वीजपुरवठ्याचा मुख्य स्विच कधी बंद करायचा आणि जायचे कोठे, ही तीन वाक्ये हवीत, आणि ती मोबाइलच्या पडद्याइतकीच गल्लीच्या तोंडाशी, पाणी चढण्याच्या आधी, लावलेली हवीत. नकाशा रेखाटणाऱ्याच्या कामातच हे लेखन मोडते.