हिरवे पान छापलेली पिशवी

आज जळगावात भरिताचे पार्सल घेतले. दुकानदाराने ते ज्या पातळ पिशवीत बांधून दिले, तिच्यावर हिरवे पान आणि ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द छापलेला होता. उत्पादकाचे नाव वा प्रमाणपत्राचा क्रमांक मात्र कुठेच नव्हता. विचारले, तर उत्तर मिळाले, “दादा, पान छापलेले आहे ना!” कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, हे त्यांना ठाऊक नसेल, पण पिशवी छापणाऱ्याला नक्कीच ठाऊक असते, आणि संताप त्याचा येतो.

खरोखर कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांचेही फार कौतुक नको. अशा पिशव्यांत अनेकदा वापरले जाणारे, मक्याच्या वा उसाच्या साखरेपासून होणारे पीएलए हे जैवप्लास्टिक कुजण्यासाठी सुमारे ५८ अंश तापमानाची कंपोस्ट भट्टी लागते. तितके तर आपल्याकडे मे महिन्यातही तापत नाही.

आणि इकडे रावेर तालुक्यातील माझ्या काकांच्या बांधावर केळीच्या खोडांचा ढीग पडलेला असतो. केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरला की खोड निरुपयोगी होते, आणि ते उचलून टाकण्यासाठी काका ट्रॅक्टरवाल्याला स्वतःच्या खिशातून पैसे देतात. त्याच खोडाचा धागा अल्कलीत शिजवून सेल्युलोज वेगळे काढता येते, त्यात स्टार्च आणि ग्लिसरीन मिसळून पातळ थर वाळवला की फिल्म, म्हणजे पिशवीसारखा पातळ पापुद्रा, तयार होते. यात जादू काहीच नाही.

स्टार्चची फिल्म ओलाव्यात लिबलिबीत होते, हे मान्य. गरम भरीत तिच्यात टिकणार नाही, त्यासाठी केळीचे पान आहेच. खोडे शेतातच कुजवली तर पालाश जमिनीला परत मिळते, हेही खरे. परंतु शेजारच्या गुजरातमधील नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप खत केलेले आहे. म्हणजे रस शेताला आणि धागा फिल्मला, अशी वाटणी होऊ शकते.

काकांना हे सारे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, “बांधावरून उचलायचे पैसे कोण देणार?” माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि माझा रागही तिथेच ओसरला. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते; ते दूरच्या कारखान्यात नेणे म्हणजे भाडे देऊन पाणी वाहणे. म्हणून धागा काढण्याचे यंत्र शेताजवळच हवे, आणि एखाद्या शेतकरी गटाने ते मनावर घेतले, तर खोडाचा दर आधी शेतकऱ्याशी ठरवावा. फिल्मची जाडी आणि चकाकी यांवर नंतर बोलू.