टँकर शोधताना घ्यावयाची काळजी

राजेहो, मे महिना चालू आहे. पारा पंचेचाळिसाच्या वर, कूलरच्या टाकीत वीतभर पाणी आणि टँकरवाल्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी मार्चमध्ये टाकलेला. अशा वेळी तुम्ही त्या फुकटच्या चॅट ॲपात, वरच्या शोधायच्या पट्टीत 'टँकर' लिहिता. पूर्वी एवढं लिहिलं की टँकरचे सगळे मेसेज मुकाट्याने खाली रांगेत उभे राहायचे. परवाच्या अपडेटनंतर आधी एक रंगीत गोल फिरतो आणि आत बसवलेला कृत्रिम बुद्धीचा मदतनीस कळवतो, की टँकर म्हणजे द्रव पदार्थ वाहून नेणारं वाहन. खाली विचारतो, टँकरचे प्रकार जाणून घ्यायला आवडेल का?

आवडेल म्हणा. नाही म्हटलं तरी तो सांगणारच आहे.

फुकट मिळालेल्या गोष्टीपुढे कसं वागावं हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. लग्नात पोटभर जेवून 'वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं' म्हणणारी माणसं आपण. तेव्हा ही सेवा आता जशी झाली आहे तशीच गोड मानून घेता यावी म्हणून चार सूचना.

शोधायचं असेल तर त्या वरच्या पट्टीला हातच लावू नये. ती आता मदतनिसाची बैठक आहे. आधी ग्रुप उघडा, उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, तिथलं 'शोधा' निवडा. मग एकाच शब्दासाठी तीनदा शोधा. सेक्रेटरी इंग्रजी लिपीत लिहितात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ट वर चंद्रबिंदू देतात. त्यांचे यजमान ट वर अर्धचंद्र काढून त्याच्यावर वेगळा अनुस्वार देतात. डोळ्याला दोन्ही 'टँकर' सारखेच दिसतात, ॲपला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, कारण ते अक्षरांचे सांकेतिक क्रमांक जुळवतं, उच्चार नाही. एवढ्या वर्षांत हे दोन टँकर एक करायला ॲपवाल्यांना सवड झाली नाही. टँकर म्हणजे काय ते आपल्याला समजावायला मात्र झाली.

सापडलाच तर मेसेजवर बोट दाबून धरून चांदणी लावून ठेवा. ग्रुपच्या माथ्यावर पिनही करता येतो, पण २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. नागपूरचा उन्हाळा एवढा लांब असतो हे तिकडे कोणाला माहीत नसावं.

स्टेटस बघताना मध्येच जाहिरात आली तर ती शेजाऱ्यांचीच समजून बघावी, वाईट वाटत नाही.

मेसेज उशिरा पोचतात अशी तक्रार करू नये. 'टँकर खाली आला आहे, बादल्या आणा' हा सकाळी ६:१०चा मेसेज तुमच्या फोनवर ९:४० ला वाजतो, यात ॲपचा एकट्याचा दोष नाही. ॲन्ड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की फोन बराच वेळ निपचित पडला की तो मागे चालणाऱ्या ॲपांना झोपवतो. त्यावर फोन बनवणारी कंपनी बॅटरी वाचवायचा आपला स्वतःचा चाप लावते. उपाय असा: सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी, आणि तिथे 'अनिर्बंध' निवडा. 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी कळ असेल तर तीही चालू करा. मग सोसायटीच्या ग्रुपचा आवाज 'म्यूट' तर नाही ना, ते बघा. असणारच. तो तुम्हीच केलेला आहे, गुलाबांमुळे.

गुलाबांकडे येऊच. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' उघडा. मीडिया आपोआप उतरवायच्या तीन जागा आहेत: मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग. प्रत्येकीत चार खुणा: फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट. बाराच्या बारा काढा. नाही काढल्यात तर रोजचा सूर्योदय, त्यावर गुलाब, गुलाबावर दव आणि दवावर सुविचार असा ऐवज तुमच्या फोनमध्ये उतरत राहील.  शिवाय लग्नाची पत्रिका साध्या फोटोसारखी पाठवली की ॲप ती दाबून बारीक करतं आणि मुहूर्ताची वेळ वाचता येत नाही. ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची असते. हे कोणाला सांगायला जाऊ नका, ऐकत नाहीत.

बॅकअपची सूचना मात्र कागदावर लिहून घ्या.

या गप्पांची प्रत फोनच्या खात्यातल्या क्लाउडवर जाते. ॲन्ड्रॉइडवर ती जागा फुकट १५ जीबी. पूर्वी ही प्रत त्या हिशेबात धरत नव्हते. आपण आनंदाने वर्षानुवर्षं सगळं भरत गेलो. घर पुरतं भरल्यावर, २०२३ संपता संपता, सांगून टाकलं की आता हेही मोजणार. त्याच १५ जीबीमध्ये तुमची ईमेल आहे आणि तुमचे फोटोही. म्हणजे पाहा काय होतं: मामांचे गुलाब बॅकअपमध्ये, बॅकअपने जागा भरली, जागा भरली की ईमेल येणं बंद, आणि पोट्टीच्या ॲडमिशनचं पत्र पाठवणाऱ्याकडे परत. गुलाबामुळे ॲडमिशन हुकली असं कोणत्या तोंडाने सांगणार? पैसे भरून जागा वाढवा, असा नम्र सल्ला मात्र फोन रोज देतो.

यावर करायचं एवढंच, की बॅकअपमधून 'व्हिडिओसह' ही खूण काढा, 'रोज'चं 'आठवड्याला' करा आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला झाला ती तारीख महिन्यातून एकदा डोळ्यांनी बघा. बॅकअप चालू आहे आणि बॅकअप होतो आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा संपली की कळ चालूच दिसते, तारीख तेवढी सहा महिन्यांपूर्वीची असते. कुलूपबंद बॅकअप निवडलात तर पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली मिळते. ती हरवली की ब्रह्मदेवालाही ते उघडता येत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, पण किल्ली त्याच फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवणाऱ्यांसाठी नाही.

नवीन फोनवर ॲप टाकलं, नंबर पडताळला, की ते विचारतं, जुन्या गप्पा आणू का? हा प्रश्न एकदाच येतो. घाईत 'वगळा' दाबलंत तर ॲप काढून पुन्हा टाकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मध्ये नवा रिकामा बॅकअप झाला तर तो जुन्याच्या उरावर बसतो. ॲन्ड्रॉइडवरून आयफोनवर जात असाल तर क्लाउडमधली प्रत उपयोगाची नाही, कारण एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. जुना फोन सुरू असतानाच, थेट एका फोनातून दुसऱ्यात गप्पा न्याव्या लागतात. म्हणजे जुना फोन सीताबर्डीवर एक्स्चेंजमध्ये देऊन नवा खिशात घालून तुम्ही मेट्रोत बसलात, की तुमच्या दहा वर्षांच्या गप्पा बर्डीवरच राहिल्या. दुकानदार हे सांगत नाही. ॲप तर नाहीच सांगत.

आणि 'एक्सपोर्ट' म्हणून जी कळ आहे तिच्या नादी लागू नका. ती एका चॅटची साधी मजकुराची फाइल करून देते, फोटोंसह घ्याल तर शेवटचे १०,००० मेसेज, फोटोंविना ४०,०००. ही फाइल परत त्याच ॲपात घालता येत नाही.  बाबांचा शेवटचा व्हॉइस मेसेज, डॉक्टरांनी लिहिलेला डोस, भाडेकरूने 'हो, डिपॉझिट मिळालं' म्हटलेलं, प्रत्येकाचं एकेक टीएक्सटी. अस्थींचं गाठोडं! काऊन बे? तुझ्याच ॲपातून निघालेली फाइल तुलेच वाचता येत नाही? टँकरवर निबंध लिहिणारा मदतनीस बसवता येते, आणि आपलंच पोरगं दारात उभं असताना वळखता येत नाही? येते ना, भाऊ. सारं येते. दार उघडलं तर लोक जातीन, म्हणून उघडून नाही राहिला तू.

माफ करा, सूर सुटला. सूचनांकडे वळू.

दुकानांचे मेसेज येतात ते ब्लॉक करा. तेच दुकान दुसऱ्या नंबरवरून येईल, त्यालाही करा. अशा मेसेजांचे दुकानदार ॲपला पैसे मोजतो. तुम्हाला फुकट आहे ते असं.

तक्रार करायची झाल्यास 'मदत' उघडा. तिथे तुमच्या प्रश्नाशी दूरचं नातं असलेला लेख मिळेल, त्याखाली 'हे उपयोगी वाटलं का?' 'नाही' दाबा. 'धन्यवाद' येईल. खातंच बंद पडलं तर 'पुनर्विचार' नावाचं बटण असतं, ते दाबायचं आणि वाट बघायची. फोन करायला नंबर नाही, जायला पत्ता नाही. पानठेल्यावर खर्र्यात सुपारी कमी पडली तर निदान समोर एक तोंड असतं, त्याला 'हे काय?' विचारता येतं.

मग दुसऱ्या ॲपवर जाऊ, असं कोणी पोट्टे म्हणतील. जरूर जावं, आपल्याला जायची सवय आहे. धरमपेठेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून याहूच्या चॅटरूममध्ये बसणारी पिढी अजून पन्नाशीच्या आसपासच आहे. त्या चॅटरूम डिसेंबर २०१२ मध्ये गेल्या, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. आपल्याच देशातलं हाईक जानेवारी २०२१ मध्ये. परदेशी मुलांची तोंडं दाखवणारं स्काइपही ५ मे २०२५ ला आटोपलं. प्रत्येक वेळी नोटीस आली, प्रत्येक वेळी 'तुमचा डेटा अमुक तारखेपर्यंत उतरवून घ्या' असं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी आपण ती तारीख उलटल्यावर नोटीस वाचली.

सध्या जायचं म्हटलं तर अडचण इतकीच, की एकट्याने जाऊन चालत नाही. तीनशे जणांच्या ग्रुपातले चौदा जण नव्या ठिकाणी जातात, 'इथे कोण कोण आलं?' असं एकमेकांना विचारतात आणि आठवड्यात परत येतात, कारण टँकर जुन्याच ग्रुपवर येतो. मालकाला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर तो शोधायच्या पट्टीत पाहुणा बसवतो, स्टेटसमध्ये जाहिरात घुसवतो, नको असलेला टॅब काढायची कळच ठेवत नाही. यंदा तान्ह्या पोळ्याला, इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत एखादा बडग्याचा पुतळा मदतनिसाचा रंगीत भोवरा छातीवर लावून निघाला तर इतवारीत त्याला टाळ्या मिळतील. 'घेऊन जाय गे मारबत'.

आता टोमणे पुरे.

फुकट दिलंत म्हणून उपकार केले असं समजू नका. आम्ही पैसे द्यायला तयार आहोत. वर्षाला जेवढे मागाल तेवढे आमचा पानठेला महिन्यात नेतो. कमवा, जाहिराती लावा, पण दार बाहेरून बंद करू नका. नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची सोय या देशात २० जानेवारी २०११ पासून सगळीकडे आहे. तेव्हाही कंपन्या म्हणत होत्या, फार अवघड आहे. झालं ना? युरोपात मार्च २०२४ पासून मोठ्या चॅट सेवांना दुसऱ्या ॲपांसाठी दार उघडं ठेवायचं बंधन आहे. तिथे जमतं, इथे का नाही जमत? इथे कोणी मागत नाही म्हणून.

आणि मागणार कोण? आपणच सगळं नेऊन त्या एका खासगी घरात ठेवलं. शाळा सुट्टीची सूचना ग्रुपवर टाकते आणि मूल बंद फाटकापुढे उभं राहिलं की म्हणते, 'ग्रुपवर टाकलं होतं.' लॅबही रिपोर्ट तिथेच पाठवते, छापील मागितला तर कपाळाला आठ्या. सोसायटीच्या जिन्याखाली काचेचा नोटीस बोर्ड आहे, त्याची किल्ली तीन वर्षांपासून सापडत नाही आणि आत पाल राहते. एवढी भैताड माणसं आपण, की पाण्यासारख्या गोष्टीचा पत्ता दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून वर त्यालाच शोधायला सांगतो!

सेक्रेटरी साहेब, उद्या सकाळी ती काच फोडा. मोठ्या अक्षरांत टँकरवाल्याचा नंबर लिहून चिकटवा, मोटरच्या मीटरपाशीही एक. कायम पुसला न जाणारा मार्कर घ्या. आणि गुलाबवाल्या मामांनो, सूर्योदय रोज साडेपाचच्या सुमारास आमच्याही खिडकीतून दिसतो. टँकर किती वाजता येणार ते लिहा.