लुशियस मॅल्फॉयला मंत्रालयातल्या रात्रीने नाही, डायरीने बुडवलं

हॅरी पॉटरच्या वाचकांमध्ये एक विधान सारखं फिरत असतं. खलनायक वोल्डेमॉर्टचा श्रीमंत अनुयायी लुशियस मॅल्फॉय मुळात भित्रा. जादू मंत्रालयात एका रात्री सहा पोरांनी त्याला हरवलं, भविष्यवाणीचा गोळा फुटला, शिक्षा म्हणून वोल्डेमॉर्टने त्याची छडी हिसकावून मोडली आणि खानदानी मॅल्फॉय संपला. पुस्तकं हाताशी ठेवून पाहिलं तर यातला एकेक तुकडा निसटत जातो.

आधी ‘एका रात्री’. ती रात्र जून १९९६ ची. मॅल्फॉयची घसरण त्याच्या चार वर्षं आधी सुरू झाली होती. टॉम रिडलची, म्हणजे तरुणपणीच्या वोल्डेमॉर्टची, डायरी ही मॅल्फॉयकडे त्याच्या या मालकाने ठेवायला दिलेली वस्तू होती, त्याची स्वतःची नव्हे. तिच्यात मालकाच्या आत्म्याचा तुकडा आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं. शाळेतलं रहस्यमय तळघर तिने पुन्हा उघडता येईल, एवढंच ठाऊक होतं. ती शाळेत कधी सोडायची, हे मालक सांगणार होता. मालकच नाहीसा झाला आणि हुकूम कधी आलाच नाही.

१९९२ च्या उन्हाळ्यात मंत्रालयाचे छापे वाढले, मॅल्फॉय घरातली विषं बोर्जिनच्या काळ्या जादूच्या दुकानात विकू लागला. त्याच सुमारास पुस्तकांच्या दुकानात आर्थर वीझलीशी त्याची हाणामारी झाली. ती जागा नीट वाचा. तो आर्थरच्या मुलीच्या, जिनीच्या, कढईतलं रूपांतरविद्येचं जुनं, फाटकं पुस्तक उचलतो, वीझलींच्या गरिबीवर घाव घालतो आणि हाणामारीनंतर ते पुस्तक तिच्यापुढे ढकलतो. डायरी तेव्हाच तिच्या सामानात जाते. घरातली धोक्याची वस्तू बाहेर गेली आणि वीझलींचं नाव खराब करायची सोयही झाली. आपल्याकडे याला अमानतीत खयानत म्हणतात. पुढे हॅरीने बॅसिलिस्क या महासर्पाचा सुळा डायरीत खुपसला आणि आत्म्याचा तो तुकडा कायमचा गेला. सहाव्या भागात शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर वोल्डेमॉर्टच्या मॅल्फॉयवरच्या रागाची कारणं सांगतात तेव्हा डायरी पहिली येते, मंत्रालयातला फज्जा नंतर.

त्याच शालेय वर्षात त्याचं उघड वजनही गेलं. डंबलडोरना निलंबित करणाऱ्या कागदावर शाळेच्या मंडळातल्या बाराही जणांच्या सह्या होत्या. मग उरलेल्या अकरा जणांनी डंबलडोरना परत बोलावलं. मॅल्फॉयने आमच्या घरच्यांवर शाप घालायची धमकी देऊन सही घेतली, असं त्यांच्यापैकी अनेकांचं म्हणणं होतं. मंडळातली त्याची जागा गेली. हॅरीने डायरीवर चढवलेला घाणेरडा मोजा मॅल्फॉयने ओढून भिरकावला, तो त्याच्या घरचा गुलाम एल्फ डॉबी याने झेलला, आणि मालकाकडून कपडा मिळाल्यामुळे डॉबी मोकळा झाला. हा प्रसंग लोक गंमत म्हणून सोडून देतात. पण सातव्या भागात मॅल्फॉयच्याच वाड्याच्या तळघरातून कैदी सोडवून नेतो तो हाच डॉबी, आणि त्या सुटकेची शिक्षा मॅल्फॉयला भोगावी लागते.

‘पोरांनी हरवलं’ हेही खरं नाही. भविष्यवाणी ज्यांच्याबद्दल आहे तेच तिला फडताळावरून उचलू शकतात. इम्पेरियस या मन ताब्यात घेणाऱ्या शापाखाली हात घालायला लावलेल्या मंत्रालयातल्या बोडचं डोकं फिरलं, ते यामुळेच. म्हणून हॅरीला तिथवर आणणं भाग होतं, आणि काचेचा गोळा त्याच्या हातात असल्याने त्याच्यावर सरळ वार करता येत नव्हता. मॅल्फॉय ‘गोळा मिळेपर्यंत पॉटरला इजा नको’ असं बजावत राहतो, ते या अडचणीपायी. तरीही शेवटी, पडद्याच्या दालनात, सहा पोरांतल्या नेव्हिलचे हाल होताना पाहून हॅरी गोळा पुढे करतो. मॅल्फॉय तो घ्यायला झेपावतो. नेमक्या त्या क्षणी वरचे दरवाजे उघडतात आणि हॅरीच्या बाजूचे मोठे, सिरियस, ल्युपिन, मूडी, टॉंक्स, किंग्जली, आत घुसतात. गोळा फुटतो तो त्यानंतर, नेव्हिलचा झगा फाटून गोळा खाली पडल्यावर नेव्हिलच्याच पायाचा धक्का लागून. सहा पोरं विलक्षण लढली, पण बाजी फिरवली मोठ्यांनी.

आता छडी. छडीची मूठ मोडण्याचा प्रसंग सिनेमातला. छडी लपवलेली ती काठीसुद्धा सिनेमातलीच. पुस्तकात वोल्डेमॉर्टला दुसऱ्याची छडी हवी असते, कारण त्याची आणि हॅरीची छडी जुळी आहे. कुणी पुढे येत नाही, तेव्हा तो मॅल्फॉयची मागतो. एल्मचं लाकूड, आत ड्रॅगनच्या हृदयाची तार. बदल्यात मालकाची छडी मिळेल अशा समजुतीने मॅल्फॉयचा हात नकळत हलतो आणि भरल्या मेजावर तो हशाचा विषय होतो. तुला तुझी सुटका दिली, ती पुरेशी नाही का, असं वोल्डेमॉर्ट तिथेच विचारतो. म्हणजे अझकाबानमधून, जादूगारांच्या तुरुंगातून, तो पैशाच्या जोरावर सुटला असं काही जण म्हणतात, तेही खोटं. ती छडी पुढे हॅरीचा पाठलाग करताना वोल्डेमॉर्टच्याच हातात नष्ट होते. नंतर त्याची मेहुणी बेलाट्रिक्स त्याला त्याच्याच घरात सुनावते की छडी गेली तेव्हाच तुझा अधिकार गेला.

राहिला भित्रेपणा. तो होताच. पण त्याच्याच जोरावर मॅल्फॉय तेरा वर्षं टिकला. पहिल्या युद्धानंतर ‘मी इम्पेरियसखाली होतो’ म्हणून सुटला, देणग्या देऊन मंत्र्याच्या शेजारी बसला. जो गुण त्याला वर ठेवत होता, तोच पडण्याचं कारण कसा ठरेल? आणि मे १९९८ च्या लढाईत, सुजून मिटलेल्या डोळ्याने मालकासमोर बसलेला हाच माणूस नंतर बायको नार्सिसाबरोबर भर लढाईतून धावतो. लढत नाही, लपतही नाही. मुलाला हाका मारत असतो.