वारशाचे शब्द आणि हरवलेला मामा
१०६६मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीतील वारसाहक्काची परिभाषा फ्रेंच झाली, हे वारसाहक्काच्या इंग्रजी शब्दांवरील आपल्या लेखातील प्रतिपादन योग्यच आहे. परंतु त्यात नात्यांच्या शब्दांचा विचार राहून गेला आहे, आणि मराठी वाचकाला खरी गंमत तिथेच वाटावी. जुन्या इंग्रजीत आईच्या भावाला ‘एआम’ व वडिलांच्या भावाला ‘फेडेरा’ म्हणत, तर आत्या आणि मावशी यांनाही ‘फाथु’ व ‘मोद्रिये’ असे वेगळे शब्द होते. फ्रेंचमधून ‘अंकल’ आणि ‘आंट’ आले आणि आपण आजही जपलेला हा भेद इंग्रजीतून पुसला गेला. आई, बाप, भाऊ, मुलगी यांसाठीचे जवळचे शब्द मात्र मूळ इंग्रजीच राहिले.

‘पेडिग्री’ म्हणजे वंशावळ या शब्दाबद्दल एक पुरवणी जोडतो. वंशावळीत पिढ्या जोडणाऱ्या रेषा क्रौंच पक्ष्याच्या पायासारख्या दिसत, म्हणून त्या अर्थाच्या फ्रेंच शब्दसमूहावरून हा शब्द आला. ‘एस्चीट’ म्हणजे वारस नसल्यामुळे जमीन पुन्हा सरंजामदाराकडे जाणे. ती वसूल करणारे अधिकारी इतके बदनाम झाले, की फसवणुकीचा ‘चीट’ हा शब्द त्यातूनच निघाला.

थोरल्या मुलाला सर्व जमीन, हा नियमही इंग्लंडात सर्वत्र नव्हता. केंट या परगण्यातील ‘गॅव्हलकाइंड’ प्रथेनुसार ती सर्व मुलग्यांत समान वाटली जाई, तर ‘बरो इंग्लिश’ या नावाच्या प्रथेत धाकटा मुलगा वारस ठरे.